वन बीएचके घेताय? दिवसभर घरात कोण असणार ते आधी ठरवा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं घराबद्दलचीच आहेत, आणि तीही कल्याण, डोंबिवली, बदलापूर, विरार अशा पट्ट्यातून आलेली. सगळ्यांची अडचण साधारण सारखीच, बजेट लहान, घरात माणसं चार-पाच, आणि परवडणार तर वन बीएचके किंवा फार तर छोटा टू बीएचके. मी आधीच सांगते, लहान घरात काही वाईट नाही, या पट्ट्यातल्या कितीतरी पिढ्या रूम-किचनमध्ये वाढल्या आणि चांगल्या वाढल्या. पण घर बघायला जाणारी माणसं आणि घरात राहणारी माणसं वेगळी असतात हे आपण विसरतो. कमावणारी दोघं सकाळी सात-साडेसातला बाहेर पडतात ती रात्री आठला परत येतात, आणि रविवारी दुपारी जाऊन फ्लॅट पसंत करतात तीच दोघं. घरात खरे दिवस काढणार असतात सासूबाई, आई, शाळेतून दुपारी परत येणारं पोर. त्यांच्या सोयीने घर बघा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे, आता एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहतो, भाडं १५ हजार. मी ठाण्यात नोकरीला, मिस्टर विक्रोळीला. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. सगळं मिळून ४८ लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय, त्यातले १३ लाख आमचे साठवलेले. दोन घरं नजरेत आहेत. एक बदलापूर पश्चिमेला नवीन टॉवरमध्ये छोटा टू बीएचके, ४३ लाख, ताबा २ वर्षांनी. दुसरं डोंबिवलीतच रीसेलचं वन बीएचके, ३९० स्क्वेअर फूट कार्पेट, ४४ लाख, बिल्डिंग पंचवीसेक वर्षांची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मिस्टरांना टू बीएचकेच हवाय, मला काहीच सुचत नाहीये.

उत्तर : ताई, आधी पैशांचं बघू कारण ४३ आणि ४४ हे दोन्ही आकडे खरे नाहीत, खरे आकडे त्याच्या पुढे आहेत. बदलापूरचं घर बांधकाम चालू असलेलं आहे, म्हणजे त्यावर जीएसटी लागणार. मुंबई महानगर पट्ट्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ६० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के, आणि ही ४५ ची मर्यादा पार्किंग, क्लबहाऊस वगैरे जे काही बिल्डर तुमच्याकडून घेतो ते धरून असते, त्यामुळे ४३ चं घर वरचे खर्च लावून ४५ च्या पुढे गेलं की जीएसटी एकदम ४३ हजारांवरून सव्वादोन लाखांच्या वर जातो. हे बुकिंगच्या आधी लेखी मागा. त्यावर स्टॅम्प ड्युटी, तिथे ६ टक्के धरून चाला, म्हणजे २ लाख ५८ हजार, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले ४६ लाख ३१ हजार. आता ताबा मिळेपर्यंतची २ वर्षं तुम्ही भाडं भरतच राहणार, १५ हजारांनी ३ लाख ६० हजार, म्हणजे पन्नासच्या जवळ पोचलात, आणि यात बँकेचं मधल्या काळातलं व्याज आणि ताब्याच्या वेळी बिल्डर एकरकमी घेतो तो मेंटेनन्स धरलेलाच नाही. ताबा लांबला तर ते वेगळंच.

डोंबिवलीच्या घराला जीएसटी नाही, रीसेलला नसतोच. ७ टक्के स्टॅम्प ड्युटी धरली तर ३ लाख ८ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटला १ टक्का दिला तर ४४ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार, त्याच्यावर सोसायटीला मागता येत नाही, डोनेशन म्हणून मागितले तरी नाही. बेरीज ४८ लाख ७ हजार. तुमच्या बजेटच्या जेमतेम ७ हजार वर. म्हणजे महाग वाटणारं घर प्रत्यक्षात स्वस्त निघालं.

पण थांबा, बँकेचं पण बघा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाही. ४४ चे ८० टक्के म्हणजे ३५ लाख २० हजार, वरचे ८ लाख ८० हजार अधिक बाकीचा ४ लाख ७ हजारांचा खर्च तुमच्या खिशातून, म्हणजे १३ लाखांतले उरले १३ हजार. आणि अजून रंग नाही, ग्रिल नाही, टेम्पो नाही. असं रिकाम्या हाताने घरात जाऊ नका, पहिल्याच वर्षी कुणी आजारी पडलं की क्रेडिट कार्डवर यावं लागतं. मालकाशी बोला, ४१ पर्यंत आणा, तसं झालं तर लाखभर हातात राहतात. पंचवीस वर्षांच्या, बिनलिफ्टच्या घराला घासाघीस करायला जागा असते, लाजू नका. हप्त्याचा अंदाज म्हणून सांगते, ३५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण ३० हजार ४०० रुपये. सध्याच्या भाड्याच्या दुप्पट. तुम्हा दोघांपैकी एकाचा पगार ३ महिने थांबला तर हा हप्ता जाईल का, हे एकदा शांतपणे बसून बघा.

आता सासूबाई आणि मुलगी. मिस्टर टू बीएचके म्हणतात ते मला समजतं, एक खोली जास्त म्हणजे आईला खोली, आणि ते चूक नाहीच. पण बदलापूरचा प्रवास बघा. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटरच्या आसपास, बदलापूर ६८. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला लोकल आणि लांबच्या गाड्या त्याच दोन रुळांवरून जातात, तिसरी-चौथी लाईन बदलापूरपर्यंत व्हायची आहे, काम चालू आहे. डोंबिवलीला एक लोकल चुकली तर पाठोपाठ दुसरी येते, बदलापूरची चुकली की थांबावं लागतं. याचा अर्थ तुम्ही दोघं आत्तापेक्षा तासभर तरी उशिरा घरी, आणि तो तास सासूबाई सहा वर्षांच्या पोरीला एकट्या सांभाळणार, दुखऱ्या गुडघ्यांनी, नवीन गावात, जिथे शेजारी अजून राहायलाच यायचेत. नवीन टॉवरमध्ये पहिली २-३ वर्षं निम्मे फ्लॅट बंद असतात हे ब्रोशरमध्ये नसतं. डोंबिवलीत त्यांची मंदिरातली माणसं असतील, भाजीवाला ओळखीचा असेल, डॉक्टर ठरलेला असेल, गुढीपाडव्याला फडके रोडवर स्वागतयात्रा बघायला त्या नातीला घेऊन जात असतील. हे सगळं सोडून एक खोली मिळवायची का?

माझं मत डोंबिवली. पण हाच फ्लॅट का, यावर मात्र माझी शंका आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, म्हणजे ५ वर्षांनी सासूबाई घरातच अडकतील. याच एरियात पहिला मजला किंवा लिफ्टवाली बिल्डिंग बघा, कार्पेट ३६० मिळालं तरी चालेल. ३० फूट कमी झाले तर तुम्ही जुळवून घ्याल, जिने त्यांना जुळवून घेता येणार नाहीत.

आणि घर बघायला जाताना मेजर टेप न्या. बेडरूम ९ बाय १० ची असेल तर कागदावर ठीक दिसते. पण ५ फुटी बेड आणि २ फूट खोलीचं कपाट समोरासमोर ठेवलं की मध्ये २ फूट उरतात, कपाटाचं दार उघडलं की माणूस उभं राहू शकत नाही, मग सरकत्या दाराचं कपाट करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडेल, वॉशिंग मशीनला नळ आणि आउटलेट आहे का, लॉफ्ट आहेत का, आणि बाथरूमच्या उंबऱ्यावरून सासूबाईंचा पाय न अडखळता जाईल का, हे सगळं उभ्या उभ्या बघून होतं. एकदा सकाळी सातला जा, पाण्याची वेळ तेव्हा कळते, कॉर्पोरेशनचं पाणी की एमआयडीसीचं की टँकर, हे वॉचमनला विचारा, एजंटला नको. शाळा चालत किती लांब तेही मुलीला घेऊन चालून बघा. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असणाऱ्यांना आधी प्राधान्य असतं, त्यामुळे पत्ता बदलायची वेळ फॉर्मच्या तारखा बघून ठरवा.

बिल्डिंग १५ वर्षांच्या पुढची असली की सोसायटीला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. शेवटचा रिपोर्ट मागा. नाही म्हणाले तर टेरेसवर जा, वरच्या मजल्याचे बीम आणि पार्किंगमधले कॉलम बघा, प्लास्टर सुटून सळया दिसत असतील तर ते घर सोडा. आणि बँक जुन्या बिल्डिंगला कर्जाची मुदत कमी देऊ शकते, टोकन देण्याआधी हे बँकेत विचारून घ्या.

प्रश्न : बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट ६२० स्क्वेअर फूट सांगितला. घरी येऊन रेराच्या साईटवर बघितलं तर ३६ चौरस मीटर लिहिलंय. आमची फसवणूक होतेय का? (कल्याण पश्चिम)

उत्तर : ३६ ला १०.७६४ ने गुणा, ३८७ स्क्वेअर फूट येतात. तुमचं घर ३८७ चं आहे. ६२० हा सेलेबल म्हणून सांगितलेला आकडा, त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, भिंती, काय काय धरलेलं असतं, आणि त्याला कायद्यात काही अर्थ नाही. रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्यासाठीचं महारेरा प्राधिकरण सुरू झालं, तेव्हापासून विक्री कार्पेटवरच करायची असते. कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचा आकडा वेगळा लिहून मागा. काही ठिकाणी बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा दाखवलेला असतो, सॅम्पल फ्लॅटमध्ये तर हमखास, आणि तिथले बेड-सोफेही मुद्दाम लहान मापाचे करून घेतलेले असतात, त्यावर भुलू नका.

किमतीला ३८७ ने भागा आणि येणारा दर शेजारच्या बिल्डिंगच्या कार्पेट दराशी ताडून बघा. दुसरी कुठलीही तुलना करू नका. आणि अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांच्या वर पैसे घेऊ शकत नाही, "ऑफर आजच संपतेय, २० टक्के भरा" असं कुणी म्हणालं तर उठून या. पार्किंगचं पण सांगून ठेवते, उघडं किंवा स्टिल्टचं (बिल्डिंगखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे २०१० मध्येच स्पष्ट केलंय, ती जागा सोसायटीची.

प्रश्न : आम्हाला डोंबिवलीत एक फ्लॅट खूप स्वस्तात मिळतोय, बिल्डिंग पूर्ण आहे, रेरा नंबर आहे, एक फायनान्स कंपनी कर्ज द्यायलाही तयार आहे. भाऊ म्हणतो घेऊ नको. रेरा नंबर असताना अजून काय बघायचं?

उत्तर : भावाचं ऐका निदान महिनाभर तरी. तुम्ही डोंबिवलीत घर बघताय म्हणजे ६५ इमारतींचं प्रकरण कानावर आलं असेल. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची खोटी कागदपत्रं तयार केली, ती महारेराला देऊन नंबर मिळवले, आणि त्या नंबरवर फ्लॅट विकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. ज्यांनी घरं घेतली ती तुमच्याआमच्यासारखी माणसं होती, त्यांनीही रेरा नंबर बघितला होता, रजिस्ट्रेशन केलं होतं, हप्ते भरत होती. मला त्या कुटुंबांबद्दल फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच हा प्रश्न आला की मी लांबलचक लिहिते, माफ करा.

रेरा नंबर म्हणजे बिल्डरने कागद दाखल केले एवढंच. कागद खरे आहेत का ते महापालिकेत कळतं. महारेराच्या साईटवर त्या प्रोजेक्टची बांधकाम परवानगी अपलोड केलेली असते, ती डाउनलोड करा, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि विचारा की या क्रमांकाची परवानगी तुम्ही दिली का. तोंडी उत्तरावर थांबू नका, माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तो महिना म्हणूनच म्हटला. "तोपर्यंत फ्लॅट जाईल" असं एजंट म्हणेल, जाऊ दे.

मग ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. बिल्डिंग पूर्ण आहे म्हणता तर तो कुठंय? लोक राहायला आलेत, मीटर आलंय, टॅक्सची पावती येते, यातली कुठलीही गोष्ट ओसी नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही मालमत्ता कर लावते, पावतीवर तसं लिहिलेलं असतं कधी कधी, नीट वाचा. कर्जाचं पण तसंच. छोट्या फायनान्स कंपन्या जास्त व्याजाने कर्ज देतात आणि कागद सैल ठेवतात, एखादी कंपनी द्यायला तयार असणं हा इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. उलट असं करा, एखाद्या मोठ्या सरकारी बँकेत तोच फ्लॅट घेऊन जा, त्यांचे पॅनलवरचे वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, काढतात, ते नाही म्हणाले की कारण विचारा, ते कारण तुमच्या उपयोगाचं.

जमिनीचा सातबारा ऑनलाइन दिसतो, तो बघा, इतर हक्कात कोणाची नावं आहेत, कुळ आहे का, बोजा आहे का. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का तेही नगररचनेतच कळतं. नालासोपाऱ्यात ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या त्या डम्पिंग आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या होत्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. स्वस्त फ्लॅटमध्ये आपली माणसं झोपणार असतात, हा नुसता पैशांचा विषय नाही.

रजिस्ट्रेशन ऑफिसच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, फुकट बघता येतो, हाच फ्लॅट आधीच दुसऱ्या कुणाला विकलाय का तेही तिथे दिसतं. पूर्ण सर्च रिपोर्टला स्वतःचा वकील करा, बिल्डरने दिलेला नको. काही हजार रुपये जातील.

प्रश्न : बदलापूरला नदीच्या बाजूला ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट बाकी एरियापेक्षा बराच कमी दरात मिळतोय, समोर मोकळी हवा, मुलांना खेळायला जागा. घ्यावा का?

उत्तर : नको. उल्हास नदी २६ जुलै २००५ ला आणि परत २७ जुलै २०१९ ला कुठपर्यंत आली होती ते तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतील. २०१९ ला त्याच पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. नदीच्या पूररेषा असतात, निळी नदीच्या जवळची आणि लाल तिच्या बाहेरची, पाटबंधारे खात्याच्या नकाशावर त्या आखलेल्या असतात आणि नगरपरिषदेत बघायला मिळतात. निळ्या रेषेच्या आत असेल तर विषयच संपला. लाल आणि निळीच्या मध्ये असेल तर वरचा मजला तरी घ्या, आणि गाडी, मीटर, पाण्याचा पंप कुठे आहेत ते बघा, कारण वर राहून सुद्धा ३ दिवस पाणी-वीज नसते. हवा छानच असते तिथे, मला माहितीय, पण मुलांना जुलैमध्ये त्या मोकळ्या जागेचा उपयोग नाही.

प्रश्न : तीन आणि सात वर्षांचा मुलगा-मुलगी आहेत. वन बीएचके घेतला तर पुढे मुलं मोठी झाल्यावर काय, असं सगळे घाबरवतात. (अंबरनाथ)

उत्तर : ७-८ वर्षं आरामात निघतात. तोपर्यंत हप्ता थोडा थोडा जास्त भरत राहा, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या होम लोनला आधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही, आणि मग हे विकून मोठं घ्या. फक्त घेतानाच विकायला सोपं असं घर घ्या, म्हणजे स्टेशनपासून चालत, ओसी असलेलं, सोसायटी रजिस्टर झालेली आणि जमतं तर कन्व्हेयन्स झालेलं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलेली. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, रीडेव्हलपमेंटच्या वेळी तिथे अडतं, बिल्डर तयार नसला तरी सरकारकडून डीम्ड कन्व्हेयन्स मिळतं पण त्यासाठी सोसायटीने एकत्र येऊन हालचाल करावी लागते. शक्य असेल तर हॉल असा निवडा की ज्याला दोन खिडक्या आहेत किंवा बाल्कनीचं दार आणि वेगळी खिडकी आहे. मुलगी १२-१३ ची झाली की अर्ध्या हॉलला पार्टिशन टाकून तिला जागा करून देता येते आणि दोन्ही बाजूंना उजेड राहतो. एकच खिडकी असेल तर ते जमत नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे. माझ्या नावावर सोसायटीतलं रूम-किचन आहे, तिथे मी आणि मिस्टर ३५ वर्षं राहिलो, ते आता नाहीत. मुलगा म्हणतो ते विकून पैसे घालू आणि शिळफाट्याच्या बाजूला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके घेऊ, सगळे एकत्र राहू. मुलगा-सून चांगले आहेत, तक्रार नाही. पण तिकडे मला करमेल का, आणि पैसे असे देऊन टाकावेत का, हे कुणाला विचारू कळेना.

उत्तर : काकू, बरं झालं विचारलंत. पहिलं पैशांचं सांगते, कारण त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. तुमचं घर विकून आलेले पैसे नवीन घरात जाणार असतील तर नवीन घराच्या अॅग्रीमेंटवर तुमचं नाव हवं, मुलाच्या बरोबरीने. मुलावर विश्वास नाही म्हणून नव्हे. जुनं घर विकल्यावर जो नफा होतो त्यावर भांडवली नफ्याचा टॅक्स लागतो, आणि तो वाचवायचा तर ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घ्यावं लागतं, तयार घर असेल तर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षं, बांधकामातलं असेल तर ३ वर्षं. घर मुलाच्या एकट्याच्या नावावर घेतलं तर ही सवलत अडचणीत येते. त्यामुळे मुलाला असंच सांगा, टॅक्ससाठी माझं नाव लागतंय, त्यालाही ते पटेल. विक्रीचं अॅग्रीमेंट करण्याआधी एकदा सीएकडे जाऊन या, नंतर नको. आणि घेणारा काही रक्कम रोख देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेतली तर तेवढाच दंड ती रोख घेणाऱ्याला होऊ शकतो, म्हणजे तुम्हाला.

स्टॅम्प ड्युटीत बाईच्या नावावर १ टक्का सवलत आहे, पण ती घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर. तुम्ही आणि सूनबाई दोघींच्या नावावर घेतलं तर मिळेल, मुलगा आला की नाही. मात्र मुलगा कर्ज फेडणार आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असेल तर व्याजाची वजावट मिळायला त्याचं नाव मालक म्हणून लागतं. नवीन पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाहीच, मग दोघींच्या नावाचा विचार करायला हरकत नाही. तिघांनी बसून ठरवा.

आता करमण्याचं. तो भाग दुपारी अकरा ते चार कसा असतो ते तुम्ही स्वतः बघून या, मंगळवार-बुधवारी, रविवारी नको. मुलाला सांगा रजा टाक एक दिवस. कॉम्प्लेक्सच्या आत बाकं कुठं आहेत, सावलीत आहेत का, तिथे तुमच्या वयाची माणसं बसलेली दिसतात का, बोलून बघा त्यांच्याशी. गेटबाहेर पडल्यावर भाजी, दूध, औषधाचं दुकान चालत किती लांब, की सगळ्याला रिक्षा लागते, आणि दुपारी रिक्षा मिळते का. शिळफाट्याचा रस्ता मोठा, ट्रक-कंटेनरची वर्दळ, तो ओलांडायची वेळ रोज येणार असेल तर माझं उत्तर नाही आहे, स्पष्ट सांगते. डोंबिवली स्टेशन तिथून लांब पडतं, म्हणजे मैत्रिणींकडे जायचं तर बस किंवा रिक्षा, त्याचा महिन्याचा खर्च पण धरा. लिफ्टला जनरेटर आहे का विचारा. मेंटेनन्स महिन्याला किती ते लेखी घ्या, स्विमिंग पूल आणि क्लबहाऊसचा खर्च तुम्ही वापरा न वापरा भरावाच लागतो.

आणि घर बघताना तुमची खोली कुठली ते त्याच दिवशी विचारा. टू बीएचकेमधली लहान बेडरूम बऱ्याचदा ८ बाय ९ असते, आजी आणि नातवंडं त्यातच असं गृहीत धरलेलं असतं. नातवंडांबरोबर राहायला आवडेल तुम्हाला, पण तुमचा पलंग, तुमचं कपाट, पोथ्या, देव्हारा कुठे बसणार ते टेपने मोजून घ्या आणि टॉयलेटला रात्री किती पावलं चालावं लागेल तेही बघा.

मुलगा-सुनेने ऐकून घेतलं आणि नाव, खोली, जागा तिन्ही गोष्टी जमल्या तर जा, एकत्र राहण्यासारखं सुख नाही. जमत नसेल तर तुमच्या सोसायटीतच किंवा दोन गल्ल्या सोडून मुलाला वन बीएचके मिळतो का ते बघायला सांगा. तुमचं रूम-किचन तुमच्याकडे राहील, पोरं शाळेतून थेट तुमच्याकडे येतील, रात्री आपल्या घरी झोपायला जातील, आणि त्या वन बीएचकेचा हप्ता टू बीएचकेपेक्षा बराच कमी असेल.